तापात डोकं का चालत नाही? आजारपण, मेंदू आणि त्याला लागणारी एनर्जी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मेडिकल वॉर्डात नर्स आहे, इथेच गोव्यात. पावसाळा सुरू झाला की वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरतो आणि नातेवाईक जिन्यात गाठून तेच तेच विचारतात, सिस्टर ते असं काय बोलतायत, सिस्टर ते काहीच का बोलत नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हे वाचून घरच्या घरी औषध ठरवू नका, फक्त कधी निवांत राहायचं आणि कधी धावायचं एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

साधा ताप आला तरी डोकं बधिर का होतं? पेपरातली एक बातमीसुद्धा धड वाचवत नाही.

कारण शरीरानं तसं मुद्दाम केलेलं असतं. जंतू आत आला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि त्यांची खबर दोन वाटांनी मेंदूला लागते, एक रक्तातून आणि दुसरी वेगस नावाच्या लांबलचक नसेतून. मग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या भागात, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं, तापमानाचा काटा वर सरकतो, भूक जाते, झोप येते, कोणाशी बोलू नये वाटतं, लक्ष लागत नाही. हे बिघाड नाही, ही काटकसर आहे. प्रतिकाराला एनर्जी भरपूर लागते, तर बाकीचे खर्च बंद. गोठ्यात आजारी गाय बघितली असेल तर आठवा, कोपऱ्यात मान खाली घालून उभी, रवंथ नाही, कान हलवत नाही, वासरू जवळ आलं तरी ढिम्म. बेंजामिन हार्ट नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं १९८८ मध्ये हेच मांडलं, की आजारी जनावराचं असं वागणं म्हणजे नुसता अशक्तपणा नसून बरं व्हायचा एक मार्ग आहे. माणसाचंही तेच. त्यामुळे दोन दिवसांच्या तापात वाचवत नाही, हिशेब चुकतो, नाव पटकन आठवत नाही यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त अशा वेळी बँकेची कामं आणि सासरच्यांशी भांडणं पुढे ढकला.

मेंदूला एनर्जी लागते तरी किती?

वजनाच्या मानानं बघितलं तर भयंकर. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण आपण नुसतं पडून असतो तेव्हा शरीर जी एनर्जी वापरतं त्यातला जवळपास २० टक्के वाटा त्याचा. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज आणि मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त. यातला बराचसा खर्च पेशींच्या आत-बाहेर सोडियम-पोटॅशियम उपसत राहण्यात जातो, कारण ते थांबलं की एक पेशी दुसरीला निरोपच देऊ शकत नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे, मेंदूचं हातावर पोट आहे. लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, स्नायूंत असतो, चरबी तर आपल्या सगळ्यांकडे आहेच, पण मेंदूत साठा जवळजवळ नाहीच. रक्त यायचं थांबलं तर १० सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून आजारपणात ऑक्सिजन, साखर, बीपी यातलं काहीही घसरलं की बहुतेक वेळा पहिला बदल बोलण्यात आणि वागण्यात दिसतो, निदान म्हाताऱ्या माणसांत तरी.

मग आजारी असताना विचार केला की एनर्जी जास्त संपते का? मुलीला अभ्यास बंद करायला सांगू?

नाही हो. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी लोकांना तोंडी गणितं घालून मोजलं होतं, पूर्ण मेंदूचा ऑक्सिजनचा वापर तेवढ्यानं काही वाढला नाही. मेंदूचा मीटर झोपेतसुद्धा चालूच असतो. मुलीला वाचवत असेल तर वाचू दे, नसेल वाचवत तर मागे लागू नका.

ताप चढला की खर्च किती वाढतो? आणि ताप लगेच पाडायलाच हवा का?

तापमान १ डिग्री सेल्सिअस वाढलं की पूर्ण शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्के वाढतो. आपल्याकडे थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये वाचतात, तर ९८.६ वरून १०२ म्हणजे २ डिग्री सेल्सिअसच्या जवळपास, खर्च पाव हिश्शानं वर गेला धरा, आणि थंडी वाजून अंग थडथड उडत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. दुसरीकडे जेवण बंद झालेलं असतं.

पण ताप हा शत्रू नाही. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटातल्या इग्वानांवर प्रयोग केला होता, जंतू टोचलेल्या ज्या इग्वाना उबेत ठेवल्या त्या जास्त जगल्या, थंडाव्यात ठेवलेल्या बऱ्याचशा मेल्या. म्हणून १०० च्या तापाला दर तासाला मोजून गोळ्या देत बसू नका. माणूस तळमळतोय, पाणी पीत नाहीये, हार्टचा पेशंट आहे, तर पॅरासिटामॉल द्या, ठरलेल्या डोसात. आणि डेंग्यूचा नुसता संशय असला तरी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही नको, ब्लीडिंगची भीती असते.

मग आजारी मेंदू जास्त एनर्जी वापरतो की कमी?

हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलानं विचारला होता आणि चांगला आहे. तापाच्या सुरुवातीला गरज वाढते, पण आजार गंभीर होऊन माणूस खरोखर बरळायला लागतो तेव्हा उलट चित्र दिसतं, मेंदू कमी वापरतो. १९५९ मध्ये एंगल आणि रोमानो या दोघांनी मांडलं की डिलिरियम, म्हणजे आजारात असं अचानक भ्रम होणं, हे मेंदूचं काम अपुरं पडणं आहे, जसं हार्ट फेल किडनी फेल तसं, आणि त्यांना ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखाच्या, लाटा मंदावलेल्या दिसल्या होत्या. पुढे मेंदू कुठे किती साखर वापरतो ते दाखवणारे पेट स्कॅन आले, त्यातही डिलिरियमच्या पेशंटच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर बऱ्याच ठिकाणी कमी झालेला आणि बरं झाल्यावर सुधारलेला दिसला. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्या शरीरावर उलटतो तेव्हा, तर रक्तात साखर आहे, ऑक्सिजन आहे, तरी बारीक रक्तवाहिन्या सुजलेल्या आणि पेशींच्या आतली एनर्जी बनवणारी मायटोकॉन्ड्रिया गांगरलेली, म्हणजे माल दारात येऊनही आत घेता येत नाही अशी गत. म्हणून "सलाईनमधून ग्लुकोज लावा ना, डोकं ठिकाणावर येईल" हे नेहमी खरं ठरत नाही.

बाबा वातात बरळतायत. वेड लागलं का?

वेड नाही, डिलिरियम. अचानक सुरू होतं, तासातासाला बदलतं, आणि लक्ष एका जागी टिकत नाही, या तीन गोष्टी पकडून ठेवा. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जात राहण्याचा आजार, महिन्या-वर्षांनी येतो, हे काल संध्याकाळपासून आलेलं असतं.

एक उदाहरण देते. चोडणेकडचे एक आजोबा न्यूमोनियानं ॲडमिट होते. दिवसा माझ्याशी छान बोलले, पोफळीचं काय, पाऊस किती. रात्री अकराला बघते तर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले, ऑक्सिजनची नळी कपाळावर सरकवलेली, आणि बोटांनी चादरीवरून काहीतरी वेचतायत, एक एक करून, दिसत काहीच नाही तिथे. मला म्हणाले, "फेरी आली काय? लोकांना जरा सरकायला सांग." रायबंदरच्या धक्क्यावर उभे होते ते. ऑक्सिजन बघितला तर ८४, फारच कमी. नळी परत नाकाला लावली, डॉक्टरना बोलावलं, खिडकीजवळचा लाईट लावला, सुनेला फोन लावून दिला, आणि सकाळी आजोबांना फेरी आठवत नव्हती पण कोणीतरी रागावलं होतं एवढं आठवत होतं. कोणी रागावलं नव्हतं. पण असं होतं, घटना पुसली जाते आणि भीती राहते, म्हणून अशा माणसाशी वाद घालू नका, "कसली फेरी, डोकं फिरलंय का" असलं तर मुळीच नको. शांत आवाजात, तुम्ही हॉस्पिटलात आहात, मी अमकी, सकाळ झाली की घरचे येतायत, एवढंच पुन्हा पुन्हा.

घरी कसं ओळखायचं?

आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, रविवार शनिवार शुक्रवार असे, किंवा महिने डिसेंबरपासून मागे. आजीला इंग्रजी महिने नको असतील तर फाल्गुन माघ पौष चालेल, आमच्याकडच्या आज्या त्यात आपल्यालाच हरवतात. नुसता तापानं थकलेला माणूस कंटाळत, शिव्या घालत, पण म्हणतो. डिलिरियमवाला मध्येच हरवतो, दोन वार म्हणून पंख्याकडे बघत बसतो, किंवा तुम्ही काय विचारलं तेच विसरतो. आणि सगळ्यात भरवशाचा प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारायचा, हे नेहमीचेच आहेत का? तुम्ही "नाही, आज काहीतरी वेगळंच आहे" म्हणालात तर तेवढं डॉक्टरकडे जायला पुरे. मी तरी घरच्या बाईच्या अशा सांगण्याला मॉनिटरइतकीच किंमत देते.

आमची आई मुळीच बडबडत नाही, शांत झोपून आहे. म्हणजे बरं आहे ना?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त घाबरवतो. डिलिरियमचे दोन चेहरे आहेत, एक ओरडणारा, नळ्या उपटणारा, ज्याच्याकडे सगळा वॉर्ड धावतो, आणि दुसरा गप्प पडलेला, ज्याला बघून सगळे म्हणतात "झोपू दे बिचारीला, दमली आहे". म्हाताऱ्या माणसांत दुसरा प्रकार जास्त आणि तोच जास्त हुकतो. झोपलेलं माणूस हाक मारली की जागं होतं, ओळखतं, पाणी माग म्हटलं तर मागतं. ही माणसं डोळे उघडतात, बघतात आणि परत मिटतात, घास तोंडात तसाच राहतो, उत्तर यायला इतका वेळ लागतो की तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागता. तापात दिवसभर अशी झोप दिसली तर दर दोन-तीन तासांनी नीट उठवा, बसवा, बोलतं करा. उठवूनही नीट जागी होत नसेल तर उद्याच्या ओपीडीची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

बाबांना डायबेटीस आहे. ताप आला, जेवले नाहीत, पण गोळी चुकवली नाही. ठीक केलं ना?

इथे सावध व्हा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, साखर खाली ओढतच राहतात, आणि इन्सुलिनचंही तेच. ७० च्या खाली साखर कमी समजायची, ५४ च्या खाली गेली की मेंदूला सरळ उपासमार. घाम, थरथर, चिडचिड, अडखळतं बोलणं, दारू प्यायल्यासारखी चाल. लोक म्हणतात तापानं घाम आला, ताप उतरतोय, आणि खरं तर साखर ४५ वर असते. ग्लुकोमीटर घरात असेल तर विचित्र वागणं दिसल्या दिसल्या आधी बोट टोचा, बाकी सगळं नंतर.

शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखर नाही, मध नाही, पाणी नाही. आणि गोळीमुळे घसरलेली साखर एकदा वर आली म्हणून सुटलो असं नाही, काही तासांनी परत पडते, विशेषतः किडनी कमजोर असेल तर, म्हणून हॉस्पिटल. उलटही होतं हे लक्षात ठेवा, आजारपणात ताणाच्या हार्मोन्समुळे साखर ४०० च्या वरही जाते, म्हणजे न जेवता गोळी घ्यायची की नाही हे अंदाजानं ठरवायचं नाही, ताप आला की पहिल्याच दिवशी आपल्या डॉक्टरना फोन करून विचारायचं.

पेज आणि पाणी भरपूर देतोय, तरी आजी गुंगीतच.

पेजेत मीठ आहे का? गंमत नाही करत. रक्तात सोडियम १३५ ते १४५ लागतं. उलट्या-जुलाब, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, वरून चार दिवस बिनमिठाची पेज आणि साधं पाणी, असं जमून आलं की सोडियम १२० ला येतं, मेंदूच्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि माणूस गुंगीत जातं, फिट्ससुद्धा येऊ शकतात. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड, हे आपल्या आज्यांचं गणित बरोबरच होतं, जुलाब असतील तर ओआरएस. हार्ट किंवा किडनीच्या पेशंटनी मिठाचं डॉक्टरना विचारूनच. आणि सोडियम घटलंय असा रिपोर्ट आला तर घरी मीठ चारून भरायला जाऊ नका, ते फार झपाट्यानं वाढलं तरी मेंदूला इजा होते.

सर्दीची साधी गोळी दिली आणि आजी भिंतीवर मुंग्या बघायला लागली!

क्लोरफेनिरामिन असेल त्यात, रॅपर बघा. सर्दीच्या बऱ्याच मिक्स गोळ्यांत असतं. लक्ष टिकवायला मेंदू जे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन वापरतो त्याच्या आड हे औषध येतं. तरुणाला नुसती झोप येते, ८० वर्षांच्या आजीला भास. "रात्री झोपत नाहीत" म्हणून शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी त्याहून वाईट. शिवाय लघवी तुंबली आहे का, चार दिवस पोट साफ नाही का, हेही बघा, म्हाताऱ्या माणसाला एवढ्यानंही भ्रम होतो.

काका ॲडमिट झाल्यावर तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, साप दिसतात म्हणतात. औषध चढलं का?

काका रोज घेतात का? मी हे विचारते तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात आणि "कधीतरी, चतुर्थीला, लग्नाला" असं उत्तर येतं. कृपा करून खरं सांगा, आम्हाला काय करायचंय तुमच्या घरच्या फेणीशी. रोज पिणाऱ्याची दारू आजारपणामुळे एकदम तुटली की साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम येतो आणि तो जिवावर बेतू शकतो, पण आधी कळलं तर औषधं आहेत. दुसरी गोष्ट, मेंदूला ग्लुकोजपासून एनर्जी काढायला थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन लागतं आणि रोज पिणाऱ्यांत ते बरेचदा संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि कायमची स्मरणशक्ती जाण्यापर्यंत पाळी येते. म्हणून बाहेर कुठे "अशक्तपणाची सलाईन" लावून घ्यायच्या आधी दारूचं सांगा.

आपल्या गोव्यात तापात डोकं बिघडलं तर नेमकं कशाची भीती?

डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तोच काळ धोक्याचा असतो, तेव्हा अस्वस्थपणा किंवा गुंगी दिसली तर ती धोक्याची खूण, प्लेटलेटचा आकडा कितीही असो. मलेरियात फॅल्सिपेरम प्रकार मेंदूपर्यंत जातो आणि साखरही पाडतो, ताप आला की रक्त तपासायला लाजू नका, सरकारी आरोग्य केंद्रात होतं. शेतात गुडघाभर पाण्यात उतरलेल्यांनी लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप, डोक्यात ठेवावा. आणि सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांनी माकडताप, तिकडे २०१५ पासून सापडलाय, गोचिडीतून येतो, आणि त्याची खोड अशी की ताप जातो, माणूस उठतो-बसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी काही जणांना परत ताप येऊन डोकेदुखी, थरथर, गोंधळ सुरू होतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

मान ताठ, फिट, उलट्यांसोबत भयंकर डोकेदुखी, तोंड वाकडं किंवा एका बाजूचा हात उचलेना, श्वास जोरात, यातलं काहीही असेल तर हे पान वाचत बसू नका.

लहान मुलाला तापात झटका आला, कांदा हुंगवला तर थांबला. बरोबर ना?

तो आपसूक थांबला, फुकटचं श्रेय कांद्याला. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत १०० तल्या २ ते ५ जणांना असा झटका येतो आणि साधा असेल तर मेंदूला इजा होत नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल बाजूला ठेवा. ५ मिनिटांच्या पुढे गेला तर १०८, आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी डॉक्टरना दाखवायचंच.

नजर लागली असेल, कौल घ्यायचा का?

घ्या. देवळात गाऱ्हाणं घाला, माझी काही हरकत नाही, माझ्या आईनंही घातलंय. फक्त आधी पेशंटला गाडीत घाला आणि घरातल्या एकाला देवळात पाठवा.

बरं झाल्यावर डोकं कधी ताळ्यावर येतं?

साध्या तापात एक-दोन आठवडे, डेंग्यूचा थकवा त्याहून लांबतो. तोवर स्कूटर जपून, रात्रपाळी नको, मोठे व्यवहार नकोत. डिलिरियम होऊन गेलेल्यांचं वेगळं. २०१३ मध्ये अमेरिकेत आयसीयूतल्या ८२१ पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यातल्या ७४ टक्क्यांना डिलिरियम झाला होता, आणि तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के जणांची बुद्धीची टेस्ट डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसासारखी आली. वर्षानंतरही ३४ टक्के. डिलिरियम जितके दिवस लांबला तितकं वाईट. त्यामुळे "म्हातारे आहेत, बरळणारच" म्हणून सोडून द्यायचं नाही.

हॉस्पिटलात आम्ही नातेवाईक काय करू शकतो? आम्हाला नुसतं बाहेर बसवतात.

खूप करू शकता. १९९९ मध्ये शॅरन इनोये यांच्या टीमनं ८५२ म्हाताऱ्या पेशंटपैकी निम्म्यांवर साध्या गोष्टी करून बघितल्या, वेळ-ठिकाण सांगत राहणं, चालवणं, रात्री झोप लागू देणं, चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, आणि बाकीच्यांत डिलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं तर यांच्यात ९.९. गोळी एक नाही. तर घरून येताना फळांची टोपली नको, चष्मा आणा, कवळी आणा, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल आणा, मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणा. सगळे गोळ्यांचे रॅपर एका पिशवीत, आयुर्वेदिक धरून. दिवसा बसवून बोलत राहा, गावच्या गप्पा मारा, रात्री एकच माणूस थांबा आणि मोबाईलवर रील बघू नका, तो उजेड आणि आवाज त्यांच्या झोपेत घुसतो.

आणि डॉक्टर राऊंडला आले की "खूप सिरियस आहेत" एवढंच सांगू नका. कधीपासून वेगळं वागतायत, दिवस आणि वेळ. त्याआधी नेहमी कसे होते, बाजारात एकटे जायचे का, पैसे मोजायचे का. शेवटचं काय खाल्लं, शेवटची गोळी कोणती आणि कधी, शेवटची लघवी कधी. कागदावर लिहून आणलंत तर उत्तम, तो कागद मी फाईललाच लावून ठेवते.